गूळ घातला म्हणजे साखर टळली असं नाही

ताई, तुम्ही २०० ग्रॅम ओट्सला १०० ग्रॅम गूळ घालून कुकीजना ‘शुगर फ्री’ म्हटलंय, ते पटलं नाही. गूळही शेवटी साखरच. माझ्या बाबांना शुगर आहे, म्हणून कळकळीनं लिहितेय. आम्ही परभणीत घरी करतो तेव्हा गूळ ४० ग्रॅमच, वर पाच-सहा खजूर कोमट दुधात भिजवून वाटलेले (गोडी त्यांचीही मोजायचीच), आणि मूठभर ज्वारीचं पीठ. साखर कमी असली की कुकी ओव्हनमध्ये पसरत नाही, गोळा तसाच राहतो आणि मधे कच्चा लागतो. म्हणून वाटीच्या बुडानं आधीच चपटी करायची. १७० अंशांवर साधारण १५ मिनिटं. काढताना मऊ लागतात, गार झाल्या की कडा कुरकुरीत होतात. बाबांना एकच देते, बिनसाखरेच्या चहासोबत.