अठ्ठाविसावे वचन कुठे गेले?

गेल्या महिन्यात नगरला आत्याकडे गेलो होतो. रविवारच्या उपासनेत प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट तिच्यापर्यंत आले आणि तिने त्याला हात न लावता ते शेजारच्या बाईंकडे सरकवले. आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिने असे केलेले मी कधी पाहिले नव्हते. घरी आल्यावर विचारले, तर तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. नात्यातल्या कुणीतरी व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकलेला, वर लाल ठळक अक्षरांत ‘देव कधीही क्षमा करत नाही अशी पाच पापे’ असे लिहिलेला तो मजकूर होता. तिने तो जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे शाईने उतरवूनही ठेवला होता. तिचा धाकटा मुलगा अकरा वर्षांपूर्वी आत्महत्येने गेला. त्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली, “मग त्याच्यासाठी रडायचंसुद्धा नाही का रे?”

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आत्महत्येला क्षमा नाही, कारण त्यानंतर पश्चात्तापाला वेळच उरत नाही. पवित्र आत्म्याविरुद्ध एखादा वाईट विचार मनात आला, तरी माणूस कायमचा संपला. बाप्तिस्म्यानंतर तेच पाप पुन्हा केले की क्षमेचा कोटा संपतो. आजार बरा होत नसेल, तर पापाची क्षमा झालेली नाही असे समजावे. आणि ज्याला यातून सुटायचे असेल, त्याने खाली दिलेल्या क्यूआर कोडवर 501 रुपयांचे ‘बीज’ पेरावे व हा संदेश 21 जणांना पाठवावा. शीर्षकात पापे पाच आहेत. प्रत्यक्षात चौथा मुद्दा पापाचा नसून आजाराचा आहे आणि पाचव्या जागी पापाऐवजी वसुली आहे. म्हणजे लिहिणाऱ्याला मोजणीसुद्धा धड जमलेली नाही.

सर्वांत घातक मुद्दा पहिला असल्यामुळे त्याच्यावरच अधिक बोलतो. आत्महत्या हे क्षमा न होणारे पाप आहे, असे सांगणारे एकही वचन संपूर्ण पवित्र शास्त्रात नाही. मजकुरात येशूला धरून देऊन नंतर गळफास घेणाऱ्या यहूदा या शिष्याचा दाखला दिला आहे. यहूदाविषयी येशूने अत्यंत कठोर शब्द काढले, हे खरेच आहे. परंतु ते शब्द त्याने केलेल्या विश्वासघाताबद्दल आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या आधी उच्चारलेले आहेत. तो कसा मेला, यावर मत्तयाने कसलाही निवाडा लिहिलेला नाही. जुन्या करारातला दावीद राजाचा सल्लागार अहीथोफेल पाहा. त्याने स्वतःचे जीवन संपवले, आणि त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरले, एवढेच शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात सतराव्या अध्यायात नमूद आहे. आत्याने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर तर त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मिळते. शौल राजाने रणभूमीवर स्वतःच्या हाताने मरण पत्करले होते. शौलाच्या मृत्यूची बातमी कळताच दावीदाने आपली वस्त्रे फाडली, तो आणि त्याची माणसे रडली, त्यांनी संध्याकाळपर्यंत उपास केला, आणि नंतर दावीदाने शौलासाठी विलापगीत रचून इस्राएलाच्या कन्यांनाही रडायला सांगितले. शौल तर दावीदाच्या जिवावर उठलेला माणूस होता. त्याच्यासाठी रडणे जर शास्त्रात लिहिले गेले, तर पोटच्या मुलासाठी रडण्याची परवानगी आईने मोबाइलवरच्या मजकुराकडे का मागायची?

‘पश्चात्तापाला वेळ उरत नाही’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण तो स्वीकारला तर झोपेत हृदय बंद पडून गेलेला किंवा घाटात गाडी कोसळून गेलेला प्रत्येक विश्वासणारा संकटात येतो, कारण मरणाच्या क्षणी आपले एकूण एक पाप आठवून, त्याचे नाव घेऊन, त्याबद्दल क्षमा मागून कोण मरतो? एकोणिसाव्या स्तोत्रात दावीद देवाला गुप्त दोषांपासूनही मुक्त कर म्हणतो, म्हणजे जे दोष स्वतःलाच ठाऊक नाहीत, त्यांचीही क्षमा तो मागतो. आपली क्षमा आपल्या शेवटच्या श्वासाच्या नोंदवहीवर अवलंबून आहे, असे मानणाऱ्याला ती ओळ प्रार्थनेत म्हणताच येणार नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी, देवाच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळे करू न शकणाऱ्या गोष्टींची यादी पौल देतो, आणि त्या यादीत पहिला शब्द ‘मरण’ हा आहे.

एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते, ती म्हणजे हा समज मजकूर लिहिणाऱ्याने एका रात्रीत रचलेला नाही. आत्महत्या हा ‘खून करू नको’ या आज्ञेचा भंग आहे, असे पाचव्या शतकात ऑगस्टीन या धर्मपंडिताने सविस्तर मांडले. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या धर्मनियमांत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारलेला होता. परंतु 1983 च्या नव्या संहितेतून ती बंदी गेली आणि 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथात तीव्र मानसिक यातना माणसाची जबाबदारी कमी करतात, अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये, पश्चात्तापाची संधी देव केवळ त्यालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी देऊ शकतो, असे स्पष्ट म्हटले आहे. आम्ही प्रोटेस्टंट, तो ग्रंथ आमच्यावर बंधनकारक नाही. पण इतकी शतके कठोर राहिलेल्या चर्चने जे सोडून दिले, ते आमच्यातल्या एखाद्याने उचलून आईच्या मोबाइलवर पाठवावे, याची चीड येते. कृत्य गंभीर आहे, हे कुणीच नाकारत नाही. गंभीर असणे आणि क्षमेच्या पलीकडे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खून आणि व्यभिचार करणाऱ्या दावीदाचे एक्कावन्नावे स्तोत्र आपण उगाच पाठ करत नाही.

आता पवित्र आत्म्याविरुद्धचे दुर्भाषण, म्हणजे निंदा. क्षमा न होणाऱ्या पापाचा उल्लेख शास्त्रात आहे, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. मजकुरात मार्ककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातले एकोणतिसावे वचन दिले आहे, तेही नेमके: पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला कधीच क्षमा नाही. गोम अशी की अठ्ठाविसावे आणि तिसावे ही दोन्ही वचने गाळली आहेत. अठ्ठाविसाव्यात येशू आधी असे सांगतो की माणसांच्या सर्व पापांची आणि ते करतील त्या दुर्भाषणांची क्षमा होईल. एकोणतिसावे वचन त्या प्रचंड विधानाला जोडलेला अपवाद आहे. आणि हा अपवाद का सांगावा लागला, ते तिसाव्यात लिहिले आहे: त्याला अशुद्ध आत्मा लागला आहे, असे ते म्हणत होते म्हणून. ‘ते’ म्हणजे कोण, हे बाविसाव्या वचनात आहे. ते यरुशलेमेहून आलेले शास्त्री, म्हणजे नियमशास्त्राचे पंडित होते. भुते निघताना, माणसे बरी होताना डोळ्यांसमोर दिसत असूनही हे बालजबूलाचे, म्हणजे भुतांच्या अधिपतीचे काम आहे, असा निकाल त्यांनी ठरवून दिला होता. त्यांना स्वतःच्या बरोबर असण्याविषयी तिळमात्र शंका नव्हती आणि क्षमा मागण्याची गरजही वाटत नव्हती.

त्याच अध्यायात, त्याच्या जरा आधी, येशूचे स्वतःचे नातलग त्याला वेड लागले आहे असे समजून धरून न्यायला निघालेले दिसतात. तेही चुकलेच होते. पण त्यांना हा इशारा दिलेला नाही. पेत्राने तर शपथा वाहून त्याला तीनदा नाकारले आणि पौल स्वतःला पूर्वीचा निंदक म्हणवतो. अडाण्याला कळेल इतके हे उघड आहे. निबर झालेल्या, सत्ता हाती असलेल्या माणसांना उद्देशून काढलेले वाक्य उचलून, रात्री मनात एखादा अभद्र विचार चमकून गेला म्हणून घाबरलेल्या माणसावर फेकणे, ही या मजकुराची खरी करामत आहे. ही भीती जुनीच आहे. ‘यात्रेकरू’ची कथा लिहिणारा जॉन बनियन आपल्या हातून हेच पाप घडले या धास्तीने दीर्घ काळ तळमळत होता, आणि 1666 साली छापलेल्या आत्मकथनात त्याने ते सारे लिहून ठेवले आहे. ज्याला धास्ती वाटते, त्याला क्षमा हवी असते. शास्त्र्यांना ती नको होती.

तिसऱ्या मुद्द्यासाठी फार शाई खर्च करत नाही. इब्री लोकांस पत्रातला सहावा अध्याय, जो पतन झालेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य म्हणतो, कठीण आहे, एवढे कबूल. पण बाप्तिस्म्यानंतरच्या पापाला क्षमा आहे की नाही, हा वाद चर्चने फार पूर्वी मिटवला आहे. रोमन सम्राट डेसियसने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात, इसवी सन 250 मध्ये, अनेकांनी जीव वाचवण्यासाठी देवदेवतांना बळी अर्पण केले. नंतर ते रडत परत आले, तेव्हा रोममधल्या नोवेशन या धर्मगुरूने त्यांना दार बंद केले. चर्चने नोवेशनलाच बाहेर काढले, आणि 325 च्या नायसिया येथील चर्चच्या परिषदेने आठव्या नियमात त्याच्या अनुयायांना अट घातली की परत यायचे असेल, तर या पडलेल्यांशी सहभागिता ठेवावी लागेल. क्षमेचा कोटा किती, हे तर पेत्राने स्वतःच विचारले होते. सात वेळा पुरे का, असे त्याने विचारल्यावर मिळालेल्या उत्तरात सातावर सत्तर चढले, आणि वर दहा हजार तालांताच्या कर्जाचा दाखला मिळाला. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिवसांची मजुरी. एकूण सहा कोटी दिवसांची. धन्याने ते एका दमात सोडून दिले. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘ऋणे सोड’ म्हणतो, ‘हप्ते बांधून दे’ म्हणत नाही.

आजाराविषयी योहानाचा नववा अध्याय वाचावा. जन्मांध माणसाने पाप केले की त्याच्या आईबापांनी, असे शिष्य विचारतात. दोघांनीही नाही, असे येशू सांगतो. पाचव्या अध्यायात एका बऱ्या झालेल्या माणसाला तो पुन्हा पाप करू नको असे बजावतो, म्हणून काही ठिकाणी संबंध असू शकतो, असे फार तर म्हणता येईल. त्यावरून दमेकऱ्याचा खोकला ऐकून त्याच्या पापांचा हिशेब मांडता येत नाही.

राहिला क्यूआर कोड. 501 हा आकडा कोणत्या शुभवर्तमानातून आला, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. 21 जणांना पाठवण्याची अट मात्र ओळखीची आहे, माझ्या लहानपणी संतोषीमातेच्या नावाने येणाऱ्या पोस्टकार्डांवर ती असायची. पवित्र आत्म्याचे सामर्थ्य पैसे मोजून घ्यायला निघालेल्या शिमोनाला पेत्राने तुझ्या रुप्याचा तुझ्यासह नाश होवो, असे सुनावले होते. पैसे घेऊन पापांच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या क्षमापत्रांच्या विक्रीवरून 1517 मध्ये लूथरने पंचाण्णव मुद्दे मांडले, आणि त्याचे नाव लावणारेच आज हा धंदा पुढे पाठवतात. आत्याने सुदैवाने पैसे भरले नव्हते, कारण तिला तो चौकोन कशासाठी असतो तेच ठाऊक नव्हते.

तिने उतरवून घेतलेले दिनदर्शिकेचे पान मी फाडले नाही, कारण तिने ते फाडू दिले नाही. तिने फक्त पेन माझ्या हातात दिले. एकोणतिसाव्या वचनाच्या वर मी अठ्ठाविसावे लिहिले, खाली तिसावे लिहिले, अक्षरे तिला चष्म्याशिवाय दिसतील एवढी मोठी काढली, आणि कडेला जागा होती तिथे दावीदाच्या रडण्याचा अध्याय व वचन टाकले. ते पान आता तिच्या शास्त्रात आहे, पण कोणत्या पुस्तकापाशी ठेवले आहे ते तिने मला दाखवले नाही.