डोक्यात फटका मारायला मुलींना शिकवू नका

गेल्या आठवड्यात भाचीने मला एक फॉरवर्ड पाठवला. खाली लिहिलं होतं, "आत्या, हे बरोबर आहे ना? मी मागवलीय." मेसेजचा सारांश असा: प्रत्येक मुलीच्या पर्समध्ये फोल्डिंग बॅटन, म्हणजे नळीत नळी मिटणारी आणि झटक्याने लांब होणारी काठी, हवीच. जितकी छोटी तितकी उत्तम. शिकावं काही लागत नाही. उघडतानाच्या 'खटॅक' आवाजानेच समोरचा पळतो. नाहीच पळाला तर डोक्यात एक जोरदार फटका, काम तमाम. आणि ही साधी काठी असल्यामुळे कायद्याची भीती नाही. शेवटी, दहा मैत्रिणींना पाठवा.

मी मुलींना स्वसंरक्षण शिकवते. हा मेसेज याआधीही माझ्याकडे आला होता, तेव्हा मी गप्प बसले. ती माझी चूक झाली.

आधी डोक्याचं, कारण सगळ्यात घातक ओळ तीच आहे. बॅटन हे ज्यांच्या कामाचंच साधन आहे त्या पोलिसांना शिकवताना एक तक्ता वापरतात, मोनाडनॉक या अमेरिकन बॅटन कंपनीचा. त्यात माणसाचं शरीर तीन रंगांत दाखवलेलं असतं. मांडी, पोटरी, दंड हे हिरवे, म्हणजे फटका इथे मारायचा. गुडघा, कोपर असे सांधे पिवळे, कारण तिथली इजा जास्त गंभीर. डोकं, मान, पाठीचा कणा लाल. जीव घेण्याइतकं बळ वापरणं रास्त ठरेल अशी वेळ आली असेल तरच लाल भागावर मारायचं. पोलिसांना जे टाळायला शिकवतात, ते हा मेसेज कधी काठी न धरलेल्या मुलीला पहिला उपाय म्हणून सांगतो!

आणि 'काम तमाम' म्हणजे नक्की काय? डोक्याला मार लागलेला माणूस उठून चालू लागतो आणि कवटीच्या आत रक्तस्राव होत राहून काही तासांनी कोसळतो, असं घडतं. म्हणजे त्या क्षणी तो थांबला नाही, तुमची सुटका झाली नाही, आणि मागाहून तुमच्यावर खुनाचा खटला. शिवाय डोक्यावरचा फटका लांबूनच दिसतो. काठी वर गेली की समोरच्याचे हात आपोआप वर जातात, आणि वर गेलेल्या हातांना काठी पकडणं सोपं असतं. जिन्यात किंवा लिफ्टमध्ये तर ती पुरती वर उचलताही येत नाही. मांडीवर बाजूने बसलेला फटका पाय थोडा वेळ लुळा पाडू शकतो, आणि पळायला तेवढे दोन-चार क्षण पुरतात.

'शिकावं लागत नाही' या वाक्याची परीक्षा आम्ही घरातच घेतली. भाचीने बॅटन नेहमीसारखी बॅगेत ठेवली, मी सात पावलांवर उभी राहिले आणि म्हटलं, मी निघाले की काढ. मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा तिचा हात चार्जरच्या वायरीत होता. दुसऱ्यांदा काठी हातात आली, पण झटका अर्धवट बसला. तिच्या बॅटनला खटका नाही. आतल्या निमुळत्या नळ्या झटक्याने एकमेकींत घट्ट अडकतात, तेवढ्यावरच ती उघडी राहते. झटका कमी पडला की टोक टेकताच नळ्या परत आत. तिसऱ्यांदा उघडली, आणि मी मनगट धरलं. तेव्हा काय करायचं हे मेसेजमध्ये नव्हतं. ती रडवेली झाली, आणि मला त्या मेसेज लिहिणाऱ्याचा भयंकर राग आला.

आवाजाचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, मान्य करते. पाळत ठेवत मागे येणारा, अजून मनाची तयारी न झालेला माणूस त्या आवाजाने थबकू शकतो. दारू प्यालेला किंवा सोबत दोघे असलेला थबकत नाही. त्याच्यासाठी तो आवाज म्हणजे तुमच्या हातात काय आहे याची सूचना.

'छोटी तितकी उत्तम' हे साफ चूक. १६ इंचांची बॅटन उघडली तरी त्यातले पाच-सहा इंच मुठीतच जातात. उरलेल्या दहा इंचांनी मारायचं तर त्याच्या हाताच्या टप्प्यात जावं लागतं. घ्यायचीच असेल तर २१ इंचांची घ्या, मिटल्यावर ती साधारण आठ इंचांची होते. मुठीवरचा फोम घामाने फिरतो का ते पाहा. मागचं बूच सैल झालं नाही ना, हे अधूनमधून तपासा. मधे स्प्रिंग असलेली लवचीक काठी नकोच, ती कुठे वळेल याचा भरवसा नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये अशी बॅटन २०२१ पासून घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे, कॅनडात बटण दाबताच स्प्रिंगने उघडणाऱ्या बॅटनवर बंदी आहे. विमानात हातातल्या बॅगेत कुठेच चालत नाही. 'साधी काठी' म्हणून सगळीकडे मोकळीक आहे हे कुणी सांगितलं? राहता त्या ठिकाणचा नियम आधी बघा. आणि स्वसंरक्षणाचा हक्क असला तरी बळ गरजेपुरतंच वापरायचं असतं. तो पळायला लागल्यावर मारलेला फटका स्वसंरक्षणात बसत नाही.

भाचीने बॅटन परत केली नाही, मीही आग्रह धरला नाही. आता ती बॅगेत खाली नसते, बाहेरच्या कप्प्यात असते. रोज संध्याकाळी ती जुन्या टायरवर मांडीच्या उंचीला खडूची रेघ ओढते आणि वीस फटके मारते, प्रत्येक फटक्यानंतर दोन पावलं मागे आणि मोठ्याने ओरडणं. काल बाराव्या फटक्याला बॅटन तिच्या हातातून निसटली. मेसेज पुढे पाठवलेल्या मैत्रिणींना तिने आता स्वतःहून फोन लावलेत. तुम्हीही पाठवला असेल, तर निदान डोक्याची ती ओळ चुकीची आहे एवढं त्यांना आजच कळवा.