डिलाने क्वांटाइझ बंद ठेवलं, म्हणे!

फेब्रुवारी आला की जे डिलाबद्दलचा तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो. थोडक्यात असा: डेट्रॉइटच्या या हिपहॉप प्रोड्युसरने ड्रम मशीनवरचं क्वांटाइझ कायम बंद ठेवलं, म्हणून त्याची लय डुलते, ‘डोनट्स’ हा अल्बम त्याने हॉस्पिटलच्या खाटेवर, शेवटच्या दिवसांत केला, आणि जिवंतपणी त्याला कोणी विचारलं नाही. गोष्ट झकास आहे. पण त्यातला पहिला मुद्दा त्याच्या कारागिरीवरच बोळा फिरवतो, म्हणून आधी तोच घेतो.

क्वांटाइझ म्हणजे बोटाने वाजवलेला ठोका मशीनने जवळच्या नेमक्या जागी नेऊन बसवणं. ते बंद केलं की ताल विस्कटतो, बस. नवशिके हे रोजच करतात, त्यांचा कोणी डिला होत नाही. त्याच्याकडचं ड्रम मशीन, अकाई एमपीसी ३०००, एका मात्रेचे ९६ भाग पाडतं. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० मात्रांच्या गतीला, असा एक भाग जेमतेम ७ मिलिसेकंदांचा. शिफ्ट टायमिंग ही त्या मशीनमधलीच सोय. तिने एखादा आवाज असे काही भाग पुढे-मागे सरकवता येतो. शिवाय स्विंग, म्हणजे एकाआड एक ठोका थोडा उशिरा पाडणं, आहेच: ५० टक्क्यांना चाल सरळ, ६६ च्या आसपास तिश्र अंगाची. आता हायहॅटला (झांजांची जोडी) एक चाल दिली, किकला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) दुसरी आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) केसभर आधी ओढला, की एकाच तालात दोन-तीन चाली एकमेकींना खेटून चालतात. डॅन चार्नस यांनी २०२२ साली आलेल्या डिलाच्या चरित्रात हे सगळं उलगडून दाखवलंय. त्याचा कुठलाही बीट, म्हणजे गाण्याखालचा तयार तुकडा, घ्या आणि फक्त स्नेअरवर कान ठेवा. सरकवलेला स्नेअर दर वेळी तेवढाच आधी पडतो. नुसता हात सैल असता तर एक अलीकडे आणि एक पलीकडे पडला असता. काही ठिकाणी किक त्याने खरंच मोकळ्या हाताने वाजवलीय, हे मान्य. पण कुठे मोकळं सोडायचं आणि कुठे बांधायचं, हे तोच ठरवत होता. क्वेस्टलव्हसारख्या मुरलेल्या ड्रमरला गायक डी’अँजेलोच्या ‘वूडू’ या अल्बमसाठी (२०००) ही लय आणताना वर्षानुवर्षं घोटलेली शिस्त बाजूला ठेवावी लागली. बटण बंद करून भागलं असतं तर एवढा खटाटोप कशाला?

‘डोनट्स’बद्दलच्या तारखा खऱ्या आहेत. अल्बम ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या ३२ व्या वाढदिवशी आला आणि १० तारखेला तो गेला. टीटीपी हा रक्ताचा दुर्मिळ आजार आणि ल्युपस, दोन्ही मागे लागले होते. हॉस्पिटलमध्ये मित्रांनी त्याला छोटा सॅम्पलर (जुन्या रेकॉर्डमधले तुकडे उचलून वाजवणारं यंत्र) आणि रेकॉर्ड प्लेअर आणून दिला, हेही खोटं नाही. पण चार्नस यांच्या शोधानुसार अल्बमचा बराचसा ऐवज २००५ मध्येच बीट टेप, म्हणजे नुसत्या बीट्सचा संच, म्हणून तयार होता, लॉस एंजेलिसच्या घरी, कॉम्प्युटरवर केलेला. ती आटोपशीर टेप अल्बमच्या लांबीला आणायचं काम स्टोन्स थ्रो या लेबलच्या जेफ जँकने केलं. ‘डोनट्स’मधल्या प्रत्येक सॅम्पलमध्ये (उचललेल्या तुकड्यात) मरणापूर्वीचा निरोप ऐकणाऱ्यांना हे रुचत नाही. माझ्या मते मात्र यात त्याचं काहीच उणं होत नाही.

राहिला तिसरा मुद्दा, त्याला कोणी विचारलं नाही हा. १९९५ मध्ये फारसाइड या रॅप गटाचं ‘रनिन’’ त्याचं. १९९६ मध्ये अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप गटाचा जो अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन खपाच्या यादीवर थेट पहिल्या क्रमांकावर उतरला, त्यातही त्याचा हात होता. २००० मधलं रॅपर कॉमनचं ‘द लाइट’ त्याचं, आणि त्याला ग्रॅमी नामांकन होतं. धंद्यातल्या लोकांना तो पक्का ठाऊक होता. सामान्य श्रोत्यापर्यंत नाव पोचलं नाही त्याचं कारण रुक्ष आहे: ट्राइबसाठीचं काम ‘द उम्मा’ या प्रोड्युसर-गटाच्या सामाईक नावाखाली छापलं जायचं. दुसरं, एमसीए या मोठ्या कंपनीसाठी केलेला त्याचा स्वतःचा अल्बम अडकून पडला, तो ‘द डायरी’ म्हणून थेट २०१६ मध्ये आला. त्यात तो मुख्यतः रॅपर आहे. बरेचसे बीट्स मॅडलिब, पीट रॉक अशा इतर प्रोड्युसरांचे आहेत.