नळी बदला, दस्ता कोरा, लायसन कशाला?

सोयाबीन दाण्यावर आलं, डुकरं वावरात घुसू लागली की एक व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरतो. अमेरिकेतला एक जण कारखान्यातून आलेल्या ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या रायफलीची नळी, घोडा, दस्ता घरी बसून बदलतोय. खाली आपल्यापैकी कुणीतरी जोडलेला मजकूर: "ठासणीच्या बंदुकीले लायसन लागत नाही. सुटे भाग पोस्टानं येतात, कोणतीही नळी कोणत्याही दस्त्याले बसते. दस्ता सुताराकडून कोरून घ्या, नळी लोहाराकडून छाटा अन् डुकरं मारा."

व्हिडिओतला माणूस काही चुकीचं करत नाही. अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्याने काळ्या दारूवर चालणाऱ्या बहुतेक ठासणीच्या बंदुका बंदुकांच्या नेहमीच्या नियमांतून वगळल्या आहेत. आपला शस्त्र कायदा १९५९चा. बंदूक मागून भरता की तोंडातून, हे तो विचारत नाही. कलम ४५ची सूट दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या हत्याराला आहे. आजोबांची भरमार, म्हणजे ठासणीचीच बंदूक, दुरुस्तीनंतर उडत असेल, तर तिला ही सूट नाही. सुटे भागही कायद्याने शस्त्रातच मोडतात. परवान्याशिवाय परदेशातून मागवणं हा वेगळा गुन्हा.

आता 'कोणतीही नळी बसते'. ही थाप तर अमेरिकेतही चालणार नाही. १९७०मध्ये आलेली थॉम्पसन सेंटर या अमेरिकी कंपनीची हॉकेन ही ठासणीची रायफल घ्या. तिच्यासाठी सुटे भाग भरपूर निघाले. तरी तिची .५० बोअरची (बोअर म्हणजे नळीचं भोक, इंचात) अष्टकोनी नळी १५/१६ इंच रुंद, .५४ची पूर्ण एक इंच. एकीच्या दस्त्यातल्या खाचेत दुसरी बसत नाही. दारू पेटवणारी टोपी ज्यावर बसते त्या निपलचे आटे हॉकेनला पाव इंची, तर बऱ्याच युरोपी बनावटीच्या बंदुकांना ६ मिलिमीटरचे. फरक मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या भागाइतका, त्यामुळे चुकीचं निपल हाताने फिरवलं तर बसल्यासारखं वाटतं. बार उडाला की तेच उलटं निघून तोंडावर येऊ शकतं. शिवाय आपल्याकडची पीकरक्षणाची ठासणी बहुधा आतून गुळगुळीत नळीची असते, आत पेचदार खाचा असलेली रायफल नव्हेच.

दस्त्याचं काम सुताराचं वाटतं, कारण ते लाकडाचं आहे. पण मनगटाशी, जिथे दस्ता सर्वांत बारीक असतो, तिथे लाकडाची रेषा तिरपी गेली की धक्क्याने तो तडकतो. म्हणून चांगल्या दस्त्याला धक्का सोसणारं अक्रोड निवडतात. आपला सागवान दारं-खिडक्यांना राजा, इथे नाही. कारखान्याचं चकचकीत वार्निश काढून जवसाचं तेल चोळतात. जवस तेवढं आपल्याकडे आहेच.

नळी छाटण्याबद्दल थोडक्यात. शस्त्र कायद्याचं कलम ६ परवान्याशिवाय ते करू देत नाही, आणि दुरुस्तीचा धंदा करायलाही कलम ५ परवाना मागतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर या दोन्हींची शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. ज्या लोहाराकडे तुम्ही नळी नेणार, त्यालाही तीच.

राहिलं डुक्कर. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी वन्यजीव कायद्याच्या कलम ११खाली मिळू शकते, पण ती वनखात्याच्या अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावी लागते. बंदुकीचा परवाना खिशात असला म्हणून ती आपोआप मिळत नाही.