बसत न्हाई, निघालोय

रविवारी सकाळी मिसळीचं पार्सल सोडलं आणि मेल येऊन पडला. फावल्या वेळात मी एक नेटवर्किंगची लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, सांभाळतो. ती वापरणारा कुठलाही सर्व्हर साध्या लॅपटॉपवरून झोपवता येतो, असं एका अनोळखी माणसानं फार अदबीनं कळवलं होतं. सोबत चाळीस ओळींची स्क्रिप्ट. चालवली. मिनिटभरात माझा सर्व्हर मुका झाला. सीपीयू मात्र निवांत, जणू गावाला गेलाय. इकडं कट गार झाला तो वेगळाच.

हल्ला तसा जुनाच, 2009 मध्ये स्लोलोरिस नावानं गाजलेला. यात दंगा नाही, गर्दीही नाही. कनेक्शन उघडायचं, हेडरची (म्हणजे मागणीच्या सुरुवातीच्या माहितीची) एक ओळ पाठवायची, थांबायचं, मग अजून एक ओळ. ‘संपलं’ सांगणारी रिकामी ओळ मात्र कधीच पाठवायची नाही. सर्व्हर बिचारा कान लावून बसलेला. अशी हजारभर कनेक्शनं झाली की एका प्रोग्रॅमनं एका वेळी किती फायली-कनेक्शनं उघडी ठेवायची याची लिनक्सची 1024 ची नेहमीची मर्यादा भरते आणि खरं गिऱ्हाईक दाराबाहेर ताटकळतं.

मी टाइमआउट घातला: दहा सेकंद काही आलं नाही तर कनेक्शन तोड. परत स्क्रिप्ट चालवली. सर्व्हर परत आडवा.

तेवढ्यात शेजारचे नाना आले.

नाना कधी बसत नाहीत. “बसत न्हाई, निघालोय,” म्हणत उंबऱ्यात उभे राहतात. एक हात चौकटीवर, एक पाय चपलेत, दुसऱ्याचा नुसता अंगठा चपलेत. मग खासबागेतली एखादी जुनी कुस्ती सुरू होते. मधेच नाना गप्प होतात. मी हळूच लॅपटॉपकडं वळतो. तोवर, “आणि बरं का...” बोलत्या माणसासमोरून उठायचं नाही हे आमच्या घरचं वळण नानांना आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे.

आणि डोक्यात उजेड पडला. माझा टाइमरही याच घरात वाढलेला! एक अक्षर आलं की तो पुन्हा शून्यापासून मोजायचा, आणि स्क्रिप्ट दर नवव्या सेकंदाला ‘आणि बरं का’ म्हणत होती.

तोडगा आईनं काढला, खास कोल्हापुरी पुल्लिंगात. “नाना, साडेनऊला मी कुलूप घालून मंडईत जातो. तवर काय ते सगळं बोलून घ्या.”

मीही तेच केलं. अख्ख्या हेडरला मिळून वीस सेकंद, मधे कितीही ‘बरं का’ येऊ दे. स्क्रिप्ट गार पडली. पण दुपारी गगनबावड्याहून मामाचा फोन: “तुझं ते चाचणीचं पान आमच्याकडं उघडंना रं.” पावसात रेंजची एक काडी, त्यात मामाचा जुना फोन. माणूस हळू होता, लबाड नव्हता. शेवटी अपाची या वेब सर्व्हरमधली सोय उचलली: सुरुवातीला 20 सेकंद, मग दर 500 बाइटमागं एक सेकंद जादा, 40 च्या पुढं काही नाही. बोलण्यात माल असला तरच सवलत.

नवी आवृत्ती रात्री सोडली. मेलवाल्याचं ‘धन्यवाद’ही आलं.

पुढच्या रविवारी नाना आठलाच हजर. सोबत तालमीतले आणखी दोघं.

“बसत न्हाई,” तिघंही म्हणाले.