पुण्यात ऊन पडलं म्हणून ताम्हिणीचं पाणी उतरत नाही

परवा नणंदेनं एक फॉरवर्ड पाठवला. ‘पुण्यापासून फक्त दोन तास! पाच धबधबे, दोन बीच, एका दिवसात, लहान मुलांना घेऊन बिनधास्त जा.’ खाली तिनं लिहिलं होतं, ‘वहिनी, रविवारी निघू या का? तुझं माहेरही होईल.’ तिची मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत. माझं माहेर कोकणात, समुद्रकाठच्या दिवेआगरचं. त्याच संध्याकाळी हाच मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर आला, दुसऱ्या दिवशी मुलीच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर. तिथं चाळीस जणांनी अंगठे दिले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ते ‘दोन तास’. पुण्याच्या चांदणी चौकातून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर साधारण १६० किलोमीटर आहे. रस्ता मोकळा मिळाला तरी साडेचार तास धरायचे. रविवारी सकाळी भूगाव-पिरंगुटलाच तासभर जातो. दोन तासांत तुम्ही फार तर ताम्हिणीत असता. शिवाय त्याच दिवशी परतायचं म्हणजे अंधारात, धुक्यात, दिवसभराच्या दमलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावर तोच घाट पुन्हा चढायचा.

देवकुंड धबधब्याबद्दल लिहिलंय, ‘गाडी लावली की दहा मिनिटं’. हे लिहिणारा तिथं गेलेलाच नाही. भिरा गावाहून रानातून दीड-दोन तास चालायचं असतं, तेही ओढे ओलांडत. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी परतताना कमरेला लागतो आणि माणसं पलीकडे अडकतात. म्हणून तर पावसाळ्यात तिथं जायला वारंवार बंदी घालतात.

यापुढचं वाक्य वाचून मात्र माझा संताप झाला. ‘निघताना पुण्यात पाऊस नसेल तर धबधबे एकदम सेफ.’

२५ जुलै २०२४ आठवा. हवामान खात्याच्या नोंदीत त्या दिवशी शिवाजीनगरला चोवीस तासांत ११४ मिलिमीटर पाऊस आहे. आपल्याकडे तोच केवढा वाटला होता, सिंहगड रोडला घरांत पाणी शिरलं होतं. त्याच चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पडला. पुणे शहरात अख्ख्या वर्षाला सातशेच्या आसपास पडतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढतात आणि तिथंच रिकामे होतात, आपल्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं. कोथरूडच्या गॅलरीतून आकाश बघून ताम्हिणीचं पाणी कळणार कसं? धबधब्याच्या पायथ्याशी उभं राहूनसुद्धा कळत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस वर पठारावर कोसळत असतो.

दोन वर्षांपूर्वी माहेराहून येताना आम्ही घाटात कणसं खायला थांबलो होतो. समोरच्या ओढ्यातलं पाणी पांढरंशुभ्र होतं, चारपाच मुलं त्यात बसलेली. बघता बघता ते चहासारखं झालं. मग पालापाचोळा आला, काटक्या आल्या. कणीसवाल्या मावशींनी हातातला पंखा टाकला आणि जिवाच्या आकांतानं ओरडल्या, ‘भायेर या, भायेर या!’ मुलं वर आली. माझं कणीस संपायच्या आत ती बसली होती तो दगड पाण्याखाली गेला. आमच्या अंगावर तोवर पावसाचा थेंब पडला नव्हता. पाणी गढूळलं, पाचोळा वाहू लागला किंवा ओढ्याचा आवाज बदलला की चप्पल, मोबाईल, काहीही न शोधता काठावर यायचं. हे त्या फॉरवर्डमध्ये कुठंच नाही.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचंच एक कुटुंब एकमेकांना धरून प्रवाहात उभं होतं. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पाच जण गेले, त्यात चार मुलं होती. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळी पाण्यात उतरायला बंदीचे आदेश काढले. वर्षा-दोन वर्षांत आपण ते विसरतो कसे?

आता समुद्र. फॉरवर्ड म्हणतो, ‘ओहोटीच्या वेळी पोहा, पाणी उथळ असतं, धोका नाही.’ हे माझ्या नणंदेनं खरं मानलं असतं. वरवर पटण्यासारखं आहे ना! पण ओहोटी म्हणजे पाणी आत ओढलं जाण्याची वेळ. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जाताना वाळूच्या दांड्यांमधली फट शोधतं आणि तिथून जोरात आत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसतं. नवखा माणूस मुलांना घेऊन नेमका तिथंच उतरतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून त्या पट्ट्याबाहेर पडा आणि मग किनाऱ्याकडे वळा.

हे फक्त पावसाळ्याचंच आहे असंही समजू नका. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. कोरड्या हवेत, भर दुपारी.

शेवटी ‘स्थानिक लोक उगीच घाबरवतात’ असंही लिहिलंय. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोळी होडी लोटत नाहीत. ज्यांचं पोट दर्यावर आहे ती माणसं त्या दिवसांत काठावर थांबतात. ती ‘आत जाऊ नका’ म्हणाली तर ऐकावं.

एवढं म्हटल्यावर जे खरं आहे तेही मान्य करते. पावसाळ्यात घाट सुंदर दिसतो, मुलांनी तो पाहावा. साताऱ्याजवळ ठोसेघरला कठड्याआडून धबधबा बघता येतो आणि तो तसाच बघण्याचा आहे. पहाटे पाचला निघायची तयारी असेल तर दिवाळीनंतर दिवेआगर एका दिवसात जमतंही, दमछाक होते पण जमतं. जुलैत नाही.

नणंदेला रात्री फोन केला. आधी हिरमुसली. मग मी बाबांना कॉन्फरन्सवर घेतलं. ते तिथी विचारतात, घड्याळ नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा आमच्याकडचा जुना हिशेब. भाऊबीज आटोपून दुसऱ्या दिवशी निघायचं आणि रात्री माहेरीच राहायचं असं ठरलं. तिसऱ्या दिवशी चतुर्थी, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. बाबा म्हणाले, ‘पोरांना अकराला आण, पाणी चढतं असेल तेव्हा. गुडघ्यापर्यंतच, आणि मी सांगितलं की बाहेर.’ नणंदेनं बाबांचं हे सांगणं पालकांच्या ग्रुपवर टाकायला मागितलं. मी म्हटलं, टाक, पण आधी तो फॉरवर्ड काढून टाक.