जीपला पॉवर, मालकाला घाम

ज्याच्या दारात महिंद्राची जुनी एमएम 540 जीप आहे, त्यानं व्यायामशाळेची फी भरू नये. उभ्या जीपचं स्टेअरिंग फिरवलं की दंड, खांदे आणि तोंड या तिन्हींचा व्यायाम होतो. त्यात शौकानं रुंद टायर टाकलेले असले आणि चाकं पावसाळ्यात काळ्या रानात रुतलेली असली, तर शेजारच्या सीटवरच्या पाहुण्यालाही हात लावावा लागतो. मग पॉवर स्टेअरिंगचा, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या पंपाच्या तेलाच्या दाबानं हलकं होणाऱ्या स्टेअरिंगचा, विचार येतो. आपल्या परभणी-लातूरकडं विचाराच्या आधी सल्लागार पोचतो. "काई नाई मालक, चार बोल्टाचं काम हाय!" हे वाक्य म्हणणाऱ्याला आधी जीपखाली झोपवावं आणि मगच पुढचं बोलू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

निम्म्या वेळा दोष स्टेअरिंग बॉक्सचा, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या गिअरच्या पेटीचा, नसतोच. एकानं स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडं हलवायचं, दुसऱ्यानं खाली पडून बघायचं. पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे एन्ड खुळखुळतात, चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनच्या बेरिंगा संपलेल्या असतात, पाट्यांच्या (स्प्रिंगांच्या) टोकाचे शॅकल बुश नावाला उरलेले असतात. पण बॉक्सवर एक अ‍ॅडजस्टिंग स्क्रू असतो आणि तो दिसला की भल्याभल्यांचे हात शिवशिवतात. प्ले (ढिलेपणा) टाय रॉडचा, आवळला जातो बॉक्स. चोर सोडून संन्याशाला सुळी. जास्त आवळलेला बॉक्स मधोमध जड होतो, वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि जीप रस्ता हुंगत चालते. नवा बॉक्स बसवला तरी तेच. म्हणून आधी ही किरकोळ मंडळी बदला.

आता चार बोल्ट. पॉवर बॉक्स चासीला जुन्यापेक्षा कितीतरी जोरानं रेटतो. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारला तर काही महिन्यांत भोकाभोवती तडा दिसतो. चासीला किमान 6 एमएमची पट्टी हवी. चासी पेटीसारखी बंद असेल तर प्रत्येक बोल्टाला आरपार जाड नळी घालून ती वेल्ड करायची. नाहीतर बोल्ट आवळताना चासीच आत चेपते आणि बोल्ट कायम ढिला राहतो. बोल्ट 8.8 किंवा 10.9 छापाचे, हा आकडा बोल्टाच्या ताकदीचा. जालन्यात सळई मुबलक, म्हणून सळईचं ब्रॅकेट सुचवणारेही भेटतील. त्यांना चहा पाजावा, काम देऊ नये.

ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्समधून बाहेर येणारा हात, बॉक्सच्या आट्यांना जुळणारा हवा आणि काढताना पुलरच लावायचा. घणानं ठोकलं तर धक्का आतल्या छर्‍यांना बसतो. "गॅसवर लाल करून वाकवतो की!" म्हणणाऱ्याला हात जोडा, तो आर्म तुटला तर स्टेअरिंग हातात राहतं आणि जीप तिच्या मर्जीनं जाते. बसवताना बॉक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, निम्म्यावर आणा, चाकं सरळ करा, मगच ड्रॅग लिंक, म्हणजे ड्रॉप आर्मपासून चाकांकडं जाणारा दांडा, जोडा. कॉलमला दोन जॉइंट लागले तर त्यांचे काटे एका रेषेत ठेवा. नाहीतर प्रत्येक फेऱ्यात स्टेअरिंग दोनदा जड, दोनदा हलकं लागतं.

पंपाची पुली क्रँकच्या पुलीच्या रेषेत नसेल तर बेल्ट आधी किंचाळतो, मग उडतो. प्रेशर होज जेसीबी-ट्रॅक्टरचे पाइप दाबून देणाऱ्या दुकानातूनच करून घ्या. आत 80 ते 100 बारपर्यंत दाब चढतो. तिथं क्लिप आवळून चालत नाही. पाण्याच्या नळाचं टेप आट्यांना गुंडाळायची सवय इथं सोडा, त्याचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात.

तेल भरून लगेच स्टार्टर मारायचा मोह होतो. नाही. पुढची चाकं जॅकवर, इंजिन बंद, स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा, मधेमधे तेल भरत. त्यानंतर इंजिन. डब्यातलं तेल टपरीवरच्या चहासारखं फेसाळलं आणि पंप कण्हायला लागला, तर हवा अजून आत आहे. इंजिन बंद करून तेल निवळू द्या, मग पुन्हा तेच.

हलकं झालेलं स्टेअरिंग हायवेवर भरकटतं, कारण जुन्या जीपचा कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागं झुकलेला कोन, कमी ठेवलेला असतो. पाट्यांखाली उतरत्या पाचरी घालून तो एक-दोन अंशांनी वाढवला की चाकं आपणहून सरळ यायला लागतात.

कागदांचं वेगळंच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांवर बोट ठेवतं, तेव्हा आरटीओत आधी विचारा. आणि व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते. 1985 मध्ये आलेल्या एमएम 540 ला त्यासाठी 2035 उजाडावं लागेल, त्यामुळं तूर्त तो रुबाब विसरा.

जीप पारावर उभी केली की अख्खं गाव एका बोटानं स्टेअरिंग फिरवून बघतं आणि टोकाला नेऊन तसंच दाबून धरतं. पाच सेकंदांच्या पुढं असं धरलं की तेल जास्तीचा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून फिरत राहतं, तापतं, आणि पंपाचं आयुष्य सरतं. नाही म्हणायची सोय नसते. किल्ली खिशात घालावी. इंजिन बंद असताना कितीही फिरवू द्या, दंड भरून आले की मंडळी आपसूक खाली उतरतात.